पटावरून कमी झालेली नावं

हजेरी घेतो. मोबाइल दप्तरात ठेवा, मागच्या बाकावरची कुजबुज बंद करा आणि नाव पुकारलं की उत्तर द्या.

महिंद्रा युनायटेड, मुंबई. गैरहजर. १९६२ साली पटावर आलेलं नाव. २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून तो चषक पहिल्यांदा मुंबईत आणला आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. पुणे एफसी. गैरहजर. २००७ मध्ये आला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ नंतर दिसला नाही. भारत एफसी, तोही पुण्याचाच. एक हंगाम खेळला, तळाला राहिला, गेला. डीएसके शिवाजियन्स, पुन्हा पुणे. आय-लीगचे दोन हंगाम, २०१७ मध्ये कारभार आटोपला. मुंबई एफसी. दहा वर्षं कशीबशी काढली, २०१७ मध्ये खालच्या वर्गात बसवलं तर तिथे बसायलाही आला नाही. एफसी पुणे सिटी. हा बरा शिकत होता, २०१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. २०१९ मध्ये मालकांचे पैसे आटले आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ आला. तो संघ २०२२ मध्ये विजेता झाला. पुण्यातल्या किती जणांनी त्या रात्री टीव्ही लावला होता, हात वर करा.

एकही हात नाही. बसा.

एकट्या पुण्याच्या नावापुढे चार फुल्या आहेत. ज्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मँचेस्टर आणि माद्रिदचे शर्ट लटकतात, रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग बघून सकाळी कचेरीत डोळे चोळत बसणारे हजारो आहेत, त्या शहरात चार-पाच वर्षांत चार क्लब बुडाले. आणि तुम्ही मला सांगता, आपल्याकडे फुटबॉल संस्कृती नाही. संस्कृती काय रेशनच्या दुकानात मिळते? कुणी आणून द्यायची ती?

मी मणिबेलीत शिकवतो. नंदुरबार जिल्हा, तालुका अक्कलकुवा. नर्मदेच्या काठावरचं, खरं तर आता धरणाच्या पाण्याच्या काठावरचं गाव. या गुरुजीचा आणि पुण्या-मुंबईच्या फुटबॉलचा संबंध काय, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय. संबंध इतकाच की माझी पोरं शिकून तुमच्याकडे येतात. कुणी चाकणला कामाला लागतं, कुणी नाशिकला, कुणी कॉलेजला. जाताना प्रत्येकाच्या पायात चेंडू असतो. परत येतात तेव्हा अंगात बार्सिलोनाचा शर्ट असतो आणि तोंडी एकच वाक्य: गुरुजी, आपला फुटबॉल बघण्यासारखा नाही. हे वाक्य ते माझ्याकडून शिकले नाहीत. तुमच्याकडून शिकले. म्हणून ही कानउघाडणी त्यांची तर आहेच, पण आधी तुमची.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. एकेक ऐकून घेतो.

स्टेडियम लांब आहे, ही पहिली. ही सबब निम्मी खरी आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं, महामार्गाला लागून, शहराच्या कडेला. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात एवढं अंतर पडतं की कॉर्नर घेणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही. मुंबईचं कूपरेज तर मंत्रालयाच्या शेजारचं छोटंसं मैदान, फुटबॉलसाठी अगदी साजेसं. पण ते दुरुस्तीला काढल्यावर मुंबई एफसीला घरचे सामने काही हंगाम पुण्याला येऊन खेळावे लागले. घरचा सामना, आणि घर दीडशे किलोमीटरवर! अंधेरीच्या माणसानं कामाच्या दिवशी बालेवाडी गाठून परत यायचं, ही अपेक्षा धरणाऱ्या कारभाऱ्यांना मी पहिल्या बाकावर उभं करीन. सामने ठेवायचे कामाच्या वेळेत, जाहिरात करायची नाही, तिकीट कुठे मिळतं ते कुणाला ठाऊक नाही, आणि मग पत्रकारांपुढे सुस्कारा सोडायचा की प्रतिसाद नाही. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलायचा, पुढच्या वर्षी अर्धा संघ बदलायचा, आणि प्रेक्षकानं मात्र तोच राहायचं. तुमचा नंबर पण येणार आहे, मालक मंडळी. खाली मान घालून बसा.

पण त्यांच्या आड तुम्ही लपू नका. कूपरेज चर्चगेटहून पायी गाठता येतं. मुंबई एफसी तिथे परत आला तेव्हा तरी कुठे होतात? पिवळे शर्ट घालून ढोल बडवणारी ‘यलो ब्रिगेड’ म्हणून पोरं होती, ती प्रत्येक सामन्याला यायची. मूठभर. बाकी कोट्यवधींचं शहर बाहेर. आणि एक गंमत सांगतो, जरा लाज वाटण्यासारखी. त्या क्लबला वर्षानुवर्षं तोकड्या पैशांत वरच्या वर्गात टिकवून धरणारा प्रशिक्षक खालिद जमील. संघाचा खेळ रटाळ आहे, नुसता बचाव करतात, म्हणून तुम्ही नाकं मुरडायचात. २०१६ मध्ये तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला. पुढच्याच हंगामात ऐझॉल देशाचा विजेता झाला, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी सगळ्यांच्या शेवटी राहून बाहेर पडला. आज तोच माणूस भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे. तुमच्या डोळ्यांसमोर, म्हणजे तुमच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर, तो सात वर्षं काम करत होता.

दुसरी सबब: दर्जा नाही. या सबबीवर मला खरोखर संताप येतो, म्हणून जरा थांबतो.

तारीख लिहून घ्या. १ जून २०१८, शुक्रवार, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारतानं पाच-शून्य असा सामना मारला. कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले. हरणारा संघ नव्हता तो, जिंकणारा होता. रटाळ खेळ नव्हता, गोलांचा पाऊस होता. आणि तुमच्या त्या लांबच्या बालेवाडीत नव्हता, अंधेरीत होता, मेट्रोच्या टप्प्यात. प्रेक्षक किती? दोन हजार पाचशे एकोणसत्तर. मुंबईत एखाद्या बऱ्या लग्नाला याहून जास्त पानं उठतात.

दुसऱ्या दिवशी त्या कर्णधारानं मोबाइलसमोर उभं राहून हात जोडले. म्हणाला, या, टीका करायची तर मैदानात येऊन करा, शिव्या घालायच्या तर समोर येऊन घाला, पण या. युरोपातले क्लब बघणाऱ्यांनाही म्हणाला की तिथल्याइतका दर्जा इथे नाही हे मान्य, तरी या. देशासाठी तेव्हा जगात सर्वाधिक गोल केलेल्या खेळत्या खेळाडूंत ज्याचं नाव रोनाल्डो आणि मेस्सीच्या पाठोपाठ घेतलं जात होतं, तो माणूस प्रेक्षक मागत होता. मी तो व्हिडिओ शाळेतल्या मोठ्या पोरांना दाखवला. एका मुलीनं विचारलं, गुरुजी, यांना कुणी बोलावलं नाही तर हे येत नाहीत का? मी काय उत्तर देणार.

सोमवारी, ४ जूनला, केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. छेत्रीचा तो शंभरावा सामना. मुसळधार पाऊस, भारत तीन-शून्यनं जिंकला, त्यात दोन गोल त्याचे. सगळे भिजत नाचलात. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मुंबई जागी झाली. मला त्यात कौतुक करण्याजोगं काही दिसलं नाही. शुक्रवारी जी खुर्ची रिकामी होती तीच सोमवारी भरली. मधल्या दोन दिवसांत ना संघ बदलला, ना मैदान, ना दर्जा. बदललं एवढंच की एका मोठ्या माणसानं तुमच्याकडे याचना केली. म्हणजे दर्जाचा प्रश्न नव्हताच मुळी. लांब-जवळचाही नव्हता. तुम्हाला आमंत्रण लागतं. मानपान लागतो. नवरदेवाकडची मंडळी आहात तुम्ही.

आणि तो मानपान कुणाला दाखवता तेही बघितलं. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी आला. कोलकाता, हैदराबाद, मुंबई, दिल्ली. सामना खेळायला नाही, हात हलवायला. हजारो रुपयांची तिकिटं काढलीत. कोलकात्यात तर तो नीट दिसला नाही म्हणून खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. वानखेडेवर तो येऊन गेला, छेत्रीही तिथे होता, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच महिन्यात या देशाची पहिल्या दर्जाची लीग ठप्प होती. हंगाम कधी सुरू होणार याचा पत्ता नव्हता, खेळाडूंना पुढल्या पगाराची शाश्वती नव्हती. त्याबद्दल कुठल्या स्टेडियममधली खुर्ची हलली? हलायला तिथे कुणी बसलेलं असावं लागतं.

गोव्याची मंडळी हसतायत, तुम्हीही उभे राहा. तुमच्या देंपो क्लबनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलंय. असा दुसरा क्लब सहज सापडणार नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि देंपो यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. त्याला महासंघाची धोरणं कारणीभूत होती, हे मी नाकारत नाही. पण फातोर्ड्याच्या स्टेडियमात क्लब तिथलेच, पोरं गावातलीच, तरी शेवटच्या वर्षांत किती जण बसायचे? आयएसएल या नव्या झगमगाटाच्या लीगचा संघ आला तसे तुम्ही तिकडे वळलात. काका-आजोबांनी कुठल्या क्लबसाठी भांडणं केली होती, ते घरी विचारा. २०२४ मध्ये देंपो पुन्हा आय-लीगमध्ये आलाय. निदान आता तरी.

तिसरी सबब मागून कुणीतरी हळूच दिली: हरणाऱ्या संघाला काय बघायचं? कोण तो? ये पुढे.

इंग्लंडचे सामने बघतोस ना रात्री जागून? मग संदरलंड ठाऊक असेल. २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आला. २०१८ मध्ये त्याखालच्या वर्गातूनही खाली आला. लागोपाठ दोन वर्षं नापास, तिसऱ्या वर्गात. जहाजांचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी कधीच्या बंद पडलेल्या, रोजगाराची ओढाताण असलेलं शहर. त्या वर्षी २६ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, तिसऱ्या वर्गातला सामना, समोर ब्रॅडफर्ड सिटी. प्रेक्षक सेहेचाळीस हजार एकोणचाळीस. तू ज्यांचं बघून प्रेम शिकलास म्हणतोस, त्यांच्याकडून हा धडा तेवढा गाळलास. बर्लिनला युनियन नावाचा क्लब आहे. त्याचं जुनं स्टेडियम मोडकळीला आलं होतं, पैसे नव्हते. २००८-०९ मध्ये दोन हजारांवर समर्थकांनी आपल्या रजा टाकून, थापी आणि फावडी हातात घेऊन ते बांधून काढलं. एक लाख चाळीस हजार तास राबले म्हणतात. दहा वर्षांनी तो क्लब पहिल्यांदा तिथल्या वरच्या लीगमध्ये पोचला. त्यांच्या शर्टची नक्कल पाचशे रुपयांत मिळते. बाकीची नक्कल का करत नाहीस?

मोठ्या क्लबचं प्रेम सोपं आहे रे. त्यांनी काही गमावलं तरी तुझं काही जात नाही. माद्रिद हरला तर तू पुढच्या वर्षी मँचेस्टरचा होशील, कुणाला कळणारही नाही. तुझी गैरहजेरी तिथे लागत नाही आणि तुझी हजेरीही. इथे मात्र कूपरेजच्या पायरीवर तू बसलास तर खेळाडूला दिसतोस. उजवीकडून धावणाऱ्या त्या पोराला कळतं, कोणीतरी आपलं नाव घेऊन ओरडतंय. आणि तू उठून गेलास तर तेही त्याला कळतं. हे तुला झेपत नाही, म्हणून तू पडद्यामागे जाऊन बसलास.

आता कोल्हापूरकर. तुमच्याबद्दल बोलताना माझा आवाज थोडा खाली येतो, पण भुलून जाऊ नका.

महाराष्ट्रात फुटबॉल कसा बघावा हे ज्यांना शिकायचंय त्यांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावं नीट ऐका. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. लाल मातीत घुमणारी पेठ संध्याकाळी हिरवळीभोवती जमू लागली, आणि पेठेचा संघ म्हणजे घरचा माणूस झाला. तिथला प्रेक्षक आयएसएलचा मालक कोण ते विचारत नाही. आपल्या गल्लीतला पोरगा डाव्या पायानं मारतो की उजव्या, हे त्याला ठाऊक असतं. त्याचा काका कधी खेळायचा, कोणत्या साली पेनल्टी चुकवली, तेही. त्याच कोल्हापूरच्या मातीतून अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तिथे संघ पाच वर्षं काहीही जिंकला नाही तरी पेठ संघ बदलत नाही. बदलणार कुठे? पेठ बदलावी लागेल.

पण मग त्याच पायऱ्यांवरून दगड आणि बाटल्या का येतात? पंचाचा एक निर्णय विरोधात गेला की हुल्लडबाजी, सामना अर्ध्यावर बंद, पोलीस बंदोबस्त, पुढचे सामने रद्द. ज्या संघासाठी जीव टाकता म्हणता, त्याच्याच पोरांचा हंगाम तुम्ही वाया घालवता. पुण्याचा प्रेक्षक न येऊन खेळ मारतो, तुम्ही येऊन मारता. दोघांनाही एकच शिक्षा: कोपऱ्यात उभं राहायचं, तोंड भिंतीकडे.

सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमच्या डोंगरात काय आहे ते सांगा. सांगतो. फुशारकी नाही, जसं आहे तसं.

आमच्याकडे सपाट जागा नाही. होती, ती पाण्याखाली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राचं जे गाव सगळ्यांत आधी बुडायला लागलं ते मणिबेली. नदीकाठची सुपीक जमीन गेली, शूलपाणेश्वराचं देऊळ गेलं, १९९३ मध्ये पोलीस येऊन घरं उठवून गेले. काही कुटुंबं गुजरातेत पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली, काही डोंगरावर वर सरकून राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं तेव्हा पाणी आणखी वर आलं. राहिला तो उतार. पोरं त्या उतारावरच खेळतात. नाणेफेक जिंकणारा संघ उताराची बाजू घेतो, हरणारा अर्धा सामना चढावर धावतो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की न्याय होतो, पण तोवर चढावरच्या पोरांचा दम गेलेला असतो, म्हणून आमच्याकडे बहुतेक गोल पहिल्या सत्रात उताराकडे होतात. डावपेच म्हणायचा तर तो एवढाच.

आणि खालच्या अंगाला पाणी. चेंडू सुटला की थेट सरोवरात. पावसाळ्यानंतर पाणी अगदी जवळ असतं. उन्हाळ्यात ते उतरतं तेव्हा मध्ये गाळाचा पट्टा लागतो, त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून सामना असला की खालच्या कडेला माणसं उभी करावी लागतात. रांग करून, हातभर अंतरावर. बाया असतात, म्हातारे असतात, बकऱ्या घेऊन निघालेली पोरं असतात. त्यांचं काम चेंडू अडवणं. तरी एखादा निसटतोच, मग कुणीतरी डोंगी काढतं, वल्हवत जातं, चेंडू उचलून आणतं, तोवर दोन्ही संघ बसून घाम पुसतात. ही रांग उभी राहिली नाही तर सामना होत नाही. होऊच शकत नाही, एकुलता एक चेंडू पहिल्या पाच मिनिटांत वाहून जाईल.

म्हणून आमच्याकडे कुणी विचारत नाही की संघ हरणारा आहे, बघायला कशाला जायचं. गेल्या खेपेला शेजारच्या पाड्यानं आमच्या पोरांना धुऊन काढलं. सहा की सात, मोजायचं पोरांनीच सोडून दिलं. रांगेतला एकही माणूस हलला नाही. शेवटच्या गोलानंतर एक म्हातारा आमच्या गोलरक्षकाला एवढंच म्हणाला, “आरं, हात तरी वर कर.” हसू नका. त्याला खेळ कळतो. पोरगा खरोखरच हात खाली ठेवून उभा होता.

आमचं धरणातलं दुःख आणि तुमच्या बंद पडलेल्या क्लबांचं दुःख मी एका तागडीत घालत नाहीये. तसं करणारा गुरुजी मूर्ख ठरेल. घर बुडणं वेगळं, संघ बुडणं वेगळं. पण येणं म्हणजे काय, हे मी या लोकांकडून शिकलोय आणि ते तुम्हाला शिकवण्याचा हक्क मला आहे. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा पहिला, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. मतदान यंत्रं आणि कर्मचारी पाण्यावरून बोटीनं येतात. मतदारही डोंगर उतरून, होडीतून येतात. ज्या सरकारांनी त्यांना उठवलं त्यांच्यासाठीच्या यंत्राचं बटण दाबायला येतात. त्यांना कुणी व्हिडिओ काढून हात जोडलेले मी पाहिलेले नाहीत.

तर मागच्या बाकावरचा तू, बार्सिलोनावाला. हो, तूच. तू या उतारावर खेळलास. चढावरून तीन जणांना चकवून मारलेला तुझा गोल खालच्या रांगेतल्या म्हातारीच्या डोक्यावरून पाण्यात गेला होता, आणि ती तुला शिव्या देत डोंगीकडे धावली होती. तुझ्यासाठी उभी होती ती. आज तू पुण्यात आहेस, गाडी आहे, मोबाइल आहे, रविवारची सुट्टी आहे. जिल्हा लीगचे सामने तुझ्या खोलीपासून फार लांब नसतात. तिकीट बहुधा लागतच नाही. तिथे बावीस पोरं धावतात आणि कडेला त्यांचे बाप, एखादा कंटाळलेला पंच आणि चहावाला. तू एकदा तरी गेलास?

नाही गेलास. मला ठाऊक आहे.

गृहपाठ लिहून घे. तुम्ही सगळेच लिहा. पुण्यातला, मुंबईतला, नाशिकचा, कुठलाही स्थानिक संघ निवडायचा. यादीत खालून पहिला किंवा दुसरा असलेला. वरचा चालणार नाही. या हंगामातले त्याचे उरलेले सामने बघायचे, सलग, मध्ये खाडा नाही. खाड्याला कारण लागेल ते लेखी, आणि सासरी कार्यक्रम होता हे कारण धरलं जाणार नाही. वहीत अकरा नावं लिहायची. गुगल करून नाही, कडेला उभं राहून, खेळाडूला विचारून. कोण कुठल्या पायानं मारतो, कोण दमल्यावर चालायला लागतो, बदली खेळाडू कोण आणि तो बाकावर बसून काय करतो. गोलरक्षकाच्या चुका वेगळ्या पानावर, तारखेसह. संघ हरला तर निकालाखाली सही करायची आणि त्याच पानावर पुढच्या सामन्याची तारीख लिहायची.

कारभाऱ्यांना वेगळा गृहपाठ. सामना किती वाजता आहे, तिकीट कुठे मिळतं आणि कोणत्या बसनं यायचं, एवढ्या तीन ओळी शहरातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर पोचवायच्या. तीन ओळी. त्यासाठी सल्लागार नेमू नका.

वह्या मी मे महिन्यात तपासीन, सुट्टीला गावी याल तेव्हा. आणि पहिल्या सत्रातच तीन गोल बसले म्हणून जो कुणी उठून घरी गेला, त्यानं वही माझ्यापुढे आणू नये. खालच्या रांगेत उभं राहावं. तिथे माणूस कमी पडतोय.